यीस्टच्या दारातली भानगड

"काय गं, आज सकाळपाळी न्हाय व्हय?" मेंदीच्या कुंपणावर गोधडी टाकता टाकता आक्कांनी विचारलं.

"दुपारची आहे, आक्का."

"मंग थांब जरा. तुला कळलं का न्हाय? वरच्या आळीच्या बंगल्याचं मागचं दार गेलं."

"चोरी झाली?"

"चोरी कशाची! त्यांनीच काढलं. उसाचं बिल हातात पडलं, लगी गवंडी बोलावला. पुढनं मोटार आत जाईल एवढं गेट बसवलं. आन् नदीकडनं सरपण, वैरण आत यायची त्ये दार उखडून तिथं भिंत घातली. म्हातारीला कुनी इचारलंसुदिक न्हाय."

"सागाचं होतं ना ते?"

"सागाचं! वाळवी न्हाय, कीड न्हाय. गरज सरली म्हनून काढलं. फळ्या सुट्ट्या करून सुताराकडं कपाटाला दिल्यात."

"लाकूड तरी वाया गेलं नाही."

"त्ये खरं. पर बिल काय दरसाली येळंवर येतंय व्हय? पुन्ना सरपण आनायची पाळी आली की आपल्याच अंगनातनं वाट मागतील. बघशील तू."

मला हसू आलं. "आक्का, आमच्या कारखान्याच्या टाकीतलं यीस्ट हुबेहूब हेच करतं."

"कोन करतं?"

"यीस्ट. मळी आंबवतं ते. उसाची मळी टाकीत येते, त्यात पाणी आणि यीस्ट घालायचं, की साखरेची दारू होते. ती गाळून, पाणी काढून इथेनॉल. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत तेच मिसळतात."

आक्कांनी गोधडीची सुरकुती काढली. आमच्या राहू बेटात ऊस आणि गुऱ्हाळ कुणाला शिकवावं लागत नाही. "म्हंजी गुऱ्हाळावर रस रातभर ऱ्हायला की सकाळच्याला फेस धरून आंबूस हुतो, त्योच परकार?"

"तोच. तिथं हवेतलं, उसाच्या सालीवरचं रानटी यीस्ट येतं. आमच्याकडं निवडलेलं असतं. पुण्याला पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे ना, तिथं उद्योगांना लागणाऱ्या सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह सांभाळतात. अशा संग्रहांतून वाण मिळतात. आणि मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, तिथं साखरेबरोबर अल्कोहोलचंही काम चालतं."

"मांजरी म्हाईत हाय, ऊस बघायला आमचे हे गेलते. आता त्या दाराचं सांग."

"यीस्ट म्हणजे एकच पेशी. मिलिमीटरचे दोनशे भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी. आमच्या टाकीतल्या एका थेंबात अशा लाखो. प्रत्येकीला तेलकट पापुद्र्यासारखं पटल असतं. त्यातून साखर आपोआप आत जात नाही. पटलात प्रथिनांची दारं बसवलेली असतात आणि प्रत्येक मालाचं दार वेगळं. ग्लुकोजसारख्या साखरांच्या दारांचेच वीसेक प्रकार. काही साखर भरपूर असताना कामाची, काही टंचाईत चिमूटभर साखरही खेचून घेणारी."

"आन् मळीतली साखर कुठल्या दारानं जाती?"

"उसाची साखर जोडसाखर. यीस्ट ती पटलाच्या बाहेरच एका विकरानं तोडतं. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात, मग ते दारातून आत. पण खरी मजा पावाच्या पिठात. मैद्यातला स्टार्च तुटला की माल्टोज नावाची साखर निघते. माल्टोजवर वाढणाऱ्या यीस्टच्या अंगावर माल्टोजची दारं असतात. आता त्याला ग्लुकोज द्यायचा. ग्लुकोज म्हणजे आयतं जेवण, तोडफोड करायला नको. तो दिसला की यीस्ट माल्टोजची नवी दारं घडवणं थांबवतं. तेवढ्यावर थांबत नाही. अंगावर आहेत तीही आत ओढून मोडून टाकतं. काही तासांत बहुतेक सगळी गायब."

"चांगली असली तरी?"

"अगदी धडधाकट."

"मंग त्या बंगल्यातल्यांचीच ही सोयरी!" आक्का खूश झाल्या. त्यांना बंगल्याविरुद्ध साक्षीदार मिळाला होता.

"थांबा, यीस्टची बाजूही ऐका. माल्टोजचं दार फुकट चालत नाही. माल्टोजच्या रेणूबरोबर एक प्रोटॉनही आत घुसतो. पेशी आंबट होऊ नये म्हणून तो परत बाहेर फेकावा लागतो आणि त्याला शक्ती खर्ची पडते. ग्लुकोजच्या दाराला हा भुर्दंड नाही. शिवाय पटलावर जागा मोजकीच. खर्चाचं दार उघडं ठेवण्यापेक्षा मोडून त्याचा माल वापरलेला बरा."

"पर मोडायचं तर तिथंच मोडावं. आत कशापायी वढायचं?"

आक्का चौथीपर्यंत शिकलेल्या. असा प्रश्न आमच्या तोंडी परीक्षेत कुणी विचारला नव्हता.

"दार तेलकट पटलात रुतलेलं असतं, सुटं निघत नाही. म्हणून तेवढं पटलच आत घ्यावं लागतं. त्या जागी खळगा पडतो, खोल जातो, त्याचं तोंड आवळतं आणि दारासकट एक पिशवी तुटून आत येते. याला एंडोसायटोसिस म्हणतात. ती पिशवी मग आतल्या आत सरकत जाते, शेवटी रिक्तिका नावाच्या आंबट पाण्याच्या कप्प्यात तिचा माल पडतो. तिथली विकरं प्रथिनांचे तुकडे करतात. दाराची अमिनो आम्लं सुटी होतात आणि त्यांतून पेशी दुसरं काहीतरी घडवते."

"झालं कपाट," आक्का म्हणाल्या.

तेवढ्यात रस्त्यावरून उसाचे दोन ट्रॅक्टर गेले, जोडट्रॉल्या लावलेले, गाणी फुल्ल. धुरळा बसेपर्यंत आक्कांनी ड्रायव्हरच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. बिबट्याच्या भीतीनं तोडणीवाले दिवस मावळायच्या आत कोपीवर परततात, हेही सांगून झालं. मग पुन्हा कुंपणाला टेकल्या.

"पर मला सांग, इतक्या दारांतनं नेमकं त्येच काढायचं, हे ठरवतं कोन? बंगल्यात थोरल्यानं ठरवलं. हितं?"

"इथं खूण लावतात. युबिक्विटिन नावाचं छोटं प्रथिन आहे, ७६ अमिनो आम्लांचं. ते दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं की दार आत जाणार, हे ठरलं. चिकटवणारं प्रथिन यीस्टमध्ये मुख्यतः एकच, आरएसपी-५. गंमत अशी, की बहुतेक दारं त्याला स्वतःहून पकडता येत नाहीत. त्याला दारापर्यंत नेणारी मध्यस्थ प्रथिनं असतात, अरेस्टिनच्या घराण्यातली. अमेरिकेत स्कॉट एमर यांच्या प्रयोगशाळेनं २००८ साली ती दाखवली. कुठला मध्यस्थ केव्हा जागा होणार, हे पेशीला बाहेर काय मिळतंय त्यावर ठरतं. ग्लुकोज आला की एक जागा, अमिनो आम्लं वाढली की दुसरा."

"म्हंजी थोरला कुनी न्हायच."

"नाही. बाहेरचा माल आणि आतली गरज, यांतूनच ठरतं."

"आन् वढायला जोर कोन लावतं?"

"जोर लागतो खराच. यीस्टच्या आत पाण्याचा दाब भलताच असतो, पटल आतून भिंतीवर दाबून बसलेलं. त्या दाबाविरुद्ध खळगा पाडायचा. आधी क्लॅथ्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी जमते, इतर साथीदार गोळा होतात. त्यात मिनिट-दोन मिनिटं जातात. मग ॲक्टिनचे धागे भराभर वाढतात, पटलाला धरून आत रेटतात आणि दहा-पंधरा सेकंदांत पिशवी सुटते. पन्नासहून जास्त जातींची प्रथिनं लागतात आणि ती ठरलेल्या क्रमानं येतात, ठरलेल्या क्रमानं जातात. कॅलिफोर्नियात बर्कलीला मार्को काक्सोनेन, डेव्हिड ड्रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या प्रथिनांना चमकणारं प्रथिन जोडलं आणि जिवंत यीस्टमध्ये हा क्रम ठिपक्या-ठिपक्यानं पाहिला. त्यांचे २००३ आणि २००५ चे निबंध आम्हाला एमएस्सीला होते."

"एवढ्याशा जिवाच्या मागं एवढी मानसं!"

"आणि सुरुवात त्याच्याही आधीची. बर्कलीतच रँडी शेकमन आणि त्यांचा विद्यार्थी पीटर नोविक यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बिघडलेली यीस्ट वेचायला घेतली. पंचवीस अंशांना ती नीट चालायची, सदतीस अंशांना आतला माल पेशीबाहेर न्यायचं काम ठप्प व्हायचं. शेकमन यांना पुढं २०१३ साली नोबेल मिळालं, आणखी दोघांबरोबर. १९८५ साली स्वित्झर्लंडमध्ये हॉवर्ड रीझमन यांनी तीच बिघडलेली यीस्ट घेऊन उलटा प्रश्न विचारला. माल बाहेर जात नाही ते कळलं, पण बाहेरचं आत येतं का? त्यांनी चमकणारा पिवळा रंग पाण्यात घातला. चांगल्या यीस्टनं तो आत ओढून रिक्तिकेत साठवला. बिघडलेल्यांपैकी अनेकांना ते जमलं नाही. म्हणजे बाहेर नेणारी आणि आत आणणारी यंत्रणा एकमेकींत गुंतलेली."

"जिथनं जायाची वाट बंद, तिथनं यायाचीबी बंद. हे सांगायला स्वित्झर्लंड कशाला? पूल बंद पडला तवा आपन बघितलंय की."

आक्कांचं बरोबर होतं, पण मी पुण्याची बाजू सोडायला तयार नव्हते. "आपल्याकडंही काम चाललंय, आक्का. पाषाणलाच आयसर ही विज्ञान संस्था आहे. तिथं थॉमस पुकाडायिल यांचा गट काम करतो, की पटलाची नळी नेमकी तुटून पिशवी सुटी कशी होते. डायनॅमिन नावाचं प्रथिन नळीभोवती वेटोळं घालून आवळतं, ते त्यांचं खास. आपल्या पेशींत ते लागतं. यीस्टमध्ये पिशवी तोडायला दुसऱ्या एका जोडीचा मोठा हात असतो."

"जोडी" म्हटल्यावर आक्कांचे डोळे चमकले. धाकट्या नातवाची स्थळं बघणं चालू होतं. "यीस्टात नर-मादी असतंय का गं?"

"दोन जाती असतात. एक ए, एक अल्फा. अल्फा जातीची पेशी तेरा अमिनो आम्लांचा एक वास पाण्यात सोडते. ए जातीच्या पेशीच्या अंगावर तो ओळखणारं प्रथिन असतं, एसटीई-२. वास लागला की ए पेशी वाढणं थांबवते आणि वासाच्या दिशेनं एक टोक पुढं काढते. दोघी भेटल्या की एकच पेशी होते."

"अगं बया! आन् मानपान?"

"मानपान नाही, पण निरोपाचा नियम कडक. निरोप पोचला, की तो घेणारं एसटीई-२ आत ओढलं जातं. १९९६ साली लिंडा हिके आणि रीझमन यांनी दाखवलं, की तिथंही खूण युबिक्विटिनचीच. मोडकं प्रथिन तोडताना अशीच खूण लावतात हे आधी माहीत होतं. पण पटलावरचं धडधाकट प्रथिन आत घ्यायलाही तीच वापरतात, हे त्या निबंधानं पक्कं झालं."

"आन् न्हाय वढलं आत तर?"

"त्या प्रथिनाची आतली शेपटी कापून लोकांनी बघितलंय. मग ते आत जात नाही. पेशी वासाला नको इतकी हळवी होते. इवल्याशा वासानंही थांबून बसते, आणि स्थळ फिसकटलं तरी पुन्हा कामाला लागायला तिला जड जातं."

आक्का खो-खो हसल्या. "आपल्या खालच्या वाड्यातला थोरला! तिकडची सोयरीक मोडून बी दोन उन्हाळं झालं, आजून फोन हातातनं सुटत न्हाय." मग आवाज खाली आणून, "तुमच्या टाकीत लगनं लावता व्हय तुमी?"

"छे. कारखान्याचं यीस्ट बहुधा आधीच एकत्र झालेलं, दुहेरी. त्याला खाणं आणि कळी काढणं एवढंच काम. आईच्या अंगावर फुगा येतो, तो मोठा होऊन लेक वेगळी होते. आत ओढायचं कामही त्या फुग्यात जोरात, ॲक्टिनचे ठिपके तिथंच दाटलेले. पण सगळंच काही आत ओढलं जात नाही. प्रोटॉन बाहेर फेकणारा पंप पटलावर वर्षानुवर्षं, म्हणजे यीस्टच्या मानानं वर्षानुवर्षं, टिकून राहतो. तो आईकडंच राहतो, लेकीला बराचसा नवा माल. वीस-पंचवीस लेकी झाल्या की आई थकून थांबते."

"लेक कोरी, आईच्या गळ्यात जुनं सामान," आक्का म्हणाल्या, आणि जरा वेळ त्यांनी ओटीतल्या शेंगाच फोडल्या.

मी विषय कारखान्यावर आणला. "आम्ही टाकीत युरिया आणि डीएपी घालतो, ठाऊक आहे?"

"यीस्टाला? आपल्या उसाचं खत?"

"मळीत साखर पुष्कळ, पण नत्र पुरेसं नसतं. नत्राचे हाल असले की यीस्ट अंगावर जीएपी-१ नावाचं दार लावतं. कुठलंही अमिनो आम्ल येवो, आत घे. आणि अमोनियासारखं चांगलं नत्र मिळालं, की तेच दार आत ओढून मोडतं. ब्रुसेल्समध्ये ब्रुनो आंद्रे यांच्या प्रयोगशाळेनं या दाराचाच माग काढता काढता १९९५ साली दाखवलं, की त्यामागं आरएसपी-५ आहे."

"त्येच, खूण लावनारं?"

"तेच."

"म्हंजी साखर असो, नत्र असो, सोयरीक असो, खूण लावनारं एकच. आमच्यात बी आसंल म्हना ह्ये."

आता मलाच बोलायचं होतं ते त्यांनी आधी बोलून टाकलं. "आहे ना! आपल्यात त्याची भावंडं आहेत, नेड-४ च्या घराण्यातली. तुमची बीपीची गोळी चालू आहे ना?"

"रोज सकाळची. का गं?" आक्का एकदम ताठ झाल्या.

"घाबरू नका, तुमचं बीपी वेगळं. पण एक दुर्मीळ आजार असतो. १९६३ साली ग्रँट लिडल नावाच्या डॉक्टरनं एका घरातल्या भावंडांत तो नोंदवला. तरुण वयातच बीपी वाढलेलं. आपल्या मूत्रपिंडात मीठ परत आत घेणारी दारं असतात, मिठातलं सोडियम घेणारी. गरज संपली की नेड-४ च्या घराण्यातलं प्रथिन त्यांना खूण लावतं आणि ती आत ओढली जातात. या रोग्यांच्या दाराच्या शेपटीत, नेड-४ जिथं धरतं नेमका तोच भाग बिघडलेला. मग खूण लागत नाही, दार काढलं जात नाही, मीठ आत येतच राहतं आणि बीपी चढतं. १९९४ ला शेपटीतला बिघाड सापडला, १९९६ ला नेड-४ शी त्याचा संबंध."

आक्कांनी शेंग फोडायची थांबवली. "दार नीट चालतंय, तरी आजार?"

"दार नको इतकं नीट चालतंय, म्हणूनच आजार. माल आत घेण्यात काहीच चूक नाही. वेळेवर काढलं जात नाही, एवढीच."

"आन् मी बंगल्यावाल्यांना बोल लावीत हुते." आक्का विचारात पडल्या. पण त्या एका बाजूला फार वेळ राहणाऱ्या नव्हेत. "पर माझं म्हननं खोडलंस कुठं? गिलुकोज संपला म्हंजी? काय करतंय तुझं यीस्ट?"

"मग अडतं. दार मोडलेलं असतं. जनुकं पुन्हा चालू करायची, प्रथिन नव्यानं घडवायचं, ते पटलापर्यंत पोचवायचं. तोवर यीस्ट जवळपास ताटकळतं. बेकरीवाल्यांना हे चांगलं ठाऊक. पिठातली आधीची साखर संपून माल्टोजवर येताना फुगणं मध्येच मंदावतं. म्हणून पावाचं यीस्ट निवडताना माल्टोजवर झटकन येणारा वाण बघतात. मुळात यीस्ट तयार करतात तिथंही मळी एकदम ओतत नाहीत. थोडी थोडी सोडत जातात, म्हणजे साखरेचा पूर येत नाही, यीस्ट दारू करण्यात साखर उडवत नाही आणि वाढ चांगली होते."

"मंग पावाच्या पिठात मूठभर साखर घालू नये?"

"चमचाभर घातली तर पहिला फुगारा लवकर येतो. मूठभर घातली तर साखर पाणी ओढून घेते, यीस्ट उलट सुस्तावतं."

"आमची सून मूठभर घालती. आन् वर म्हनती, यीस्टच खराब."

घड्याळात बारा वाजून गेले होते. डबा भरायचा होता. मी निघाले, तर आक्का दुसऱ्या बाजूच्या भिंतीकडं वळल्याच. तिकडं वैनी भांडी घासत होत्या.

"अगं ए! ऐकलंस का? त्या मळीतल्या जिवाला पोट भराय लागलं की जुनं दार काढून टाकतंय, आन् त्याच्याच फळ्यांचं नवं सामान करतंय!"

"कुनाच्या घरचं?"

"यीस्टाच्या! आन् निरोप घेनारं बी काढतंय, न्हायतर पोरगी झुरत बसती. आन् आपल्या मुतखड्याच्या जागी मिठाचं दार ऱ्हायलं तर बीपी चढतोय. वाईट हाय म्हनून न्हाय गं काढायचं. गरज सरली की काढायचं. आन् लागंल तवा पुन्ना घडवायची ताकद अंगात ऱ्हाऊ द्यायची. त्या बंगल्यातल्यांकडं ती हाय का, एवढंच बघायचं."

वैनींनी भांड्यावरचा हात थांबवला. "ती सुताराला ठाऊक. परवा त्यानं सांगितलं, कपाटाचं पैसं उसाच्या पुढच्या बिलावर ठेवल्यात."